भिंतीकडची मोरी

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. आमच्या गल्लीत विषय निघाला की मी चष्मा पुसायला घेतो, नाहीतर फोन आल्यासारखं करून उठतो. आणि विषय निघतोच. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचलं की सोसायटीच्या गेटपाशी छत्र्या धरून चारजण उभे राहतात, आणि त्यातलं कोणीतरी म्हणतं, "हे काहीच नाही हो, त्या गिरणीवाल्यानं चाळ बुडवली होती तेव्हा बघायला हवं होतं." नव्यानं राहायला आलेल्यांनाही ही कथा आता पाठ आहे. गिरणीवाल्यानं गटारावर लादी टाकली, पाणी अडलं, चाळीत शिरलं, मग पालिकेच्या वॉर्डातून माणसं आली, लादी फोडली आणि पाणी सुटलं.

हे खोटं आहे. त्यात गिरणीवाल्याचा काही दोष नव्हता. पाणी कशामुळे अडलं हे मला माहीत होतं. नंतर ते कशामुळे सुटलं, हे मला आणि एका मिस्त्रीला माहीत होतं, आणि तो मिस्त्री काम संपवून कुठल्या कुठे निघून गेला. म्हणजे आता मीच उरलो. माझ्यानंतर तीच लादीची कथा खरी ठरायची, म्हणून लिहितो.

आमची सोसायटी बोरीवलीच्या पूर्वेला, नॅशनल पार्कच्या अंगाला आहे. गल्ली डोळ्यांना सपाट दिसते. भाजीच्या दोन पिशव्या घेऊन स्टेशनकडून चालत आलं की ती चढाची आहे हे गुडघ्यांना कळतं. म्हणजे डोंगरावर पडलेलं पाणी आमच्याकडूनच खाली जाणार. आमच्या मागच्या, म्हणजे चढाकडच्या बाजूला एक बैठी चाळ आहे. मध्ये सोसायटीची कंपाउंडची भिंत. चाळीचा शेवटचा गाळा त्या भिंतीला टेकलेला. पुढे पिठाची गिरणी, मागे राहायची खोली. गिरणीवाला मालवणकडचा, माझ्या गावापासून दोन गावं सोडून. मुंबईत तेवढ्यावर माणूस गाववाला ठरतो. बाहेर मी सगळ्यांशी सरळ मराठीत बोलायचो, पण दळण टाकायला गेलो की आमची दोघांची मालवणी सुरू व्हायची.

मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी होतो. एका कंपनीच्या स्टोअरमधून निवृत्त झालेला माणूस, घरात बसून बायकोला त्रास देण्यापेक्षा बरं म्हणून लोकांनी मला निवडून दिलं होतं. गाड्या कुठे लावायच्या, लिफ्ट का बंद, टाकी का वाहते, एवढंच काम. पाण्याचं वेड मला योगायोगानं लागलं. एका जूनमध्ये गटारं साफ करून घेतलेली असतानाही कंपाउंडात पाणी चढलं. प्लंबर आला, काठी घालून ढवळलं आणि म्हणाला, "नीचे से जाम है." मी विचारलं, नीचे म्हणजे कुठे? त्यानं हात खाली रस्त्याकडे केला, मग बाजूच्या बिल्डिंगकडे केला, मग डोकं खाजवलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं या जागेत राहून आमच्या अंगणातलं पाणी कुठून जातं हे इथे कोणालाच माहीत नाही. बिल्डर गेला, नकाशा गेला. चेंबरची झाकणं उघडली की खाली काळोखात पाणी हलताना दिसायचं, एवढंच. येतं कुठून, जातं कुठे, कोण जाणे.

मला राहवेना. मी एक युक्ती काढली. घरातली कपड्यांची नीळ घेतली, बादलीभर पाण्यात ओतली, आणि कोरड्या दिवशी ती बादली एका चेंबरमध्ये रिकामी केली. मग छत्रीची काठी टेकत गल्लीभर हिंडलो, कुठल्या गटारात निळं दिसतंय का बघत. मला वाटलं होतं, पाणी आमच्या गेटसमोरच्या गटारात येईल. तिथे काही नाही. बऱ्याच वेळानं ते पलीकडच्या कोपऱ्यावर, पानवाल्याच्या मागच्या गटारात आलं. चांगलं आकाशी. पानवाला ओरडला, "काका, ये क्या है? किसी ने केमिकल छोडा!" मी त्याला समजावलं, पण खरं सांगायचं तर मला इतका आनंद झाला होता की समजावताना मी हसतच होतो. म्हणजे आमचं पाणी बाजूच्या दोन सोसायट्यांच्या पोटाखालून तिरकं जात होतं, आणि त्या सोसायट्यांना पत्ताच नव्हता.

मग सवयच लागली. आज या चेंबरमध्ये, उद्या त्या पाइपात. बायको म्हणायची, "अहो, नीळ सगळी गटारांना, आणि सदरे तुमचे पिवळे! लोक म्हणतील, हिला कपडे धुता येत नाहीत." मी बाटली लपवून ठेवायला लागलो.

बघायला लागलो तसं खूप काही दिसायला लागलं. रस्ता काँक्रीटचा केला तेव्हा कडेच्या जाळ्या रस्त्यापेक्षा बोटभर उंच राहिल्या होत्या, पाणी त्यांच्यापाशी यायचं आणि वळसा घालून पुढे जायचं. प्रत्येक सोसायटीनं अंगणात नवीन सिमेंटचे ब्लॉक बसवताना जुन्यांवरच भर घालून जमीन थोडी उंच करून घेतली होती. एकीनं केली की शेजारची खाली जायची, मग तीही वर यायची. कोणाच्या अंगणात पाणी राहायला नको, एवढंच प्रत्येकाला हवं होतं. आमच्या मीटिंगांमध्ये 'लेव्हल' हा शब्द दुसऱ्या कुठल्याही शब्दापेक्षा जास्त वेळा यायचा. गेटवर उंचवटा करून घेणारी पहिली सोसायटी आमचीच, आणि तो ठरावही मीच मांडला होता.

गिरणीवाल्याला माझ्या या उद्योगाची भारी गंमत. दळणाचा डबा ठेवला की तो गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून विचारायचा, "काय रे सेक्रेटरी, आज खंयच्या गटाराचो वाढदिवस?"

"तू पीठ दळ गप," मी म्हणायचो. "जाडा काढू नको, बायको माका परत धाडता."

पाण्याबद्दल त्याची स्वतःची मतं होती आणि ती एकापेक्षा एक अचाट होती. सगळा दोष घुशींचा, त्यांनी खालून डोंगरापर्यंत बोगदे काढले आहेत, असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा. हायवेवर पूल झाला तेव्हा म्हणाला, "एवढे खांब घातल्यानी, जमीन दबली. जमीन दबली की पाणी वर येतला नाय तर खंय जातला?" मी हसायचो. गिरणीसमोर रांगेत उभ्या असलेल्या बायकाही हसायच्या. त्यामुळे झालं काय, की पाण्याविषयी तो काही बोलला की ते आधीच विनोदात जमा व्हायचं.

त्या बायकांना डबे ठेवायला जागा हवी म्हणून त्यानं गिरणीसमोरच्या उघड्या गटारावर एक मोठी लादी टाकली होती. त्यावर उभं राहून दळण द्यायचं, डबे टेकवायचे, गप्पा मारायच्या. गिरणी चालायची त्यात त्या लादीचाही वाटा होता. चिखलात पाय न घालता दळण टाकता यायचं म्हणून लांबच्या गल्लीतल्या बायकासुद्धा त्याच्याकडे यायच्या.

आता भिंतीविषयी. आमच्या भिंतीच्या पायाशी चाळीच्या बाजूनं भोकं होती. काही लहान, पाइप जाईल एवढी. त्यांतून चाळीतल्या खोल्यांच्या मोऱ्यांचं पाणी, म्हणजे भांड्याकपड्यांचं पाणी, आमच्या कंपाउंडात येऊन आमच्या चेंबरला मिळायचं. उन्हाळ्यात त्याचा वास यायचा, मच्छर व्हायचे. तळमजल्यावरचे लोक वैतागले होते. आमचे चेअरमन गुजराती, स्वभावानं शांत, पण त्यांची नात डेंगीनं आजारी पडली तेव्हा तेही तापले. मीटिंगमध्ये म्हणाले, "सेक्रेटरीभाई, ते लोकोंच्या मोरीचं पाणी आपल्याकडे कशाला? ते लोक तिकडून लाइन टाकतील ना. बंद करून टाका." सगळ्यांनी हात वर केले. ठरावात मी माझ्या हातानं लिहिलं, 'चाळीकडील सर्व मोऱ्या बंद करण्यात याव्यात.'

चाळवाल्यांनी कुरकुर केली, पण वॉर्डातून त्यांना पलीकडून नवीन पाइप मिळाला आणि लहान भोकांचा प्रश्न भांडण न होता सुटला. काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी चेअरमनांबरोबर भिंतीपाशी उभा होतो, मिस्त्रीला काय काय करायचं ते दाखवत. तेवढ्यात गिरणीवाला पिठानं पांढरा झालेला तसाच आला.

"अरे, जरा हडे ये," तो मला म्हणाला. मी जागचा हललो नाही. चेअरमन ऐकत होते. म्हणून तो तिथेच म्हणाला, "तुझ्या मिस्त्रीक सांग, बाकीच्यो मोऱ्यो बुजव. पण ती भिंतीकडची मोरी तेवढी ठेव. ती बुजवलंस तर माझा मरण आसा."

त्याची खोली भिंतीला लागून. त्याच्या खोलीतली मोरीही भिंतीकडच्याच कोपऱ्यात. मी त्या मोरीवर हात धुऊन कितीदा त्याच्याकडे चहा प्यायलो होतो. मला वाटलं, हा स्वतःच्या मोरीसाठी रदबदली करायला आला आहे. तीही चेअरमनांसमोर, मालवणीत, म्हणजे गाववाल्याचा हक्क दाखवून. मला शरम वाटली आणि तिचा राग झाला.

"सगळ्यांच्या बंद होणार," मी मुद्दाम सरळ मराठीत म्हणालो. "तुझी एकट्याची कशी ठेवू? उद्या बाकीचे मला विचारतील."

"माझी? ती माझी खंयसून? अरे, डोंगराचा पाणी..."

"पुन्हा घुशी नकोत आता. गाववाला आहेस म्हणून सगळं चालवून घ्यायचं का?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग चेअरमनांकडे. "बरा," तो म्हणाला. "तुझा राज्य." आणि गेला.

आमच्या गावाकडे मोरी म्हणजे नुसती हात धुवायची जागा नव्हे. रस्त्याखालून, बांधाखालून पावसाचं पाणी पलीकडे जायला जी बांधीव वाट ठेवतात तिलाही मोरीच म्हणतात. शाळेत जाताना मी अशी मोरी रोज ओलांडायचो, पावसात तिच्या तोंडाशी बसून पानांच्या होड्या सोडायचो आणि पलीकडे धावत जाऊन त्या बाहेर येताना बघायचो. मुंबईत चाळीच्या खोल्यांमध्ये जन्म काढल्यावर माझ्यासाठी त्या शब्दाचा एकच अर्थ उरला होता. गिरणीवाल्याच्या तोंडात दोन्ही शाबूत होते. तो बोलत होता त्या भिंतीखालच्या मोठ्या, दगडी, कमानीच्या भोकाबद्दल, जे लहान भोकांच्या रांगेत शेवटी होतं. आमची सोसायटी झाली त्याआधीपासून डोंगराकडचं पाणी तिथून जात होतं. बिल्डरनं भिंत घालताना ते तसंच ठेवलं होतं. कोरड्या दिवसांत त्यात फक्त कचरा आणि एक मांजर असायची, त्यामुळे मीही त्याकडे कधी नीट बघितलं नव्हतं. माझी नीळ सगळी सोसायटीच्या बाजूच्या चेंबरांत गेली होती. भिंतीपलीकडे कधी बादली ओतून बघितलीच नव्हती.

मिस्त्रीनं ठरावाप्रमाणे सगळं बुजवलं. कमानीतही विटा रचल्या, सिमेंट लावलं. आमच्या बाजूनं त्यावर ब्लॉक आले. झकास दिसायला लागलं.

त्या वर्षी पाऊस जोराचा लागला तेव्हा आमचं कंपाउंड पहिल्यांदा कोरडं राहिलं. लोक बाल्कनीतून मला हात करून दाद देत होते. मला गॅलरीतून पलीकडची चाळ दिसत होती. तिथे बायका पलंगावर गाद्या, गाद्यांवर मुलं, मुलांच्या मांडीवर टीव्ही, असं सगळं रचत होत्या. पाणी भिंतीपाशी सगळ्यात जास्त होतं. गिरणीच्या मोटरीपर्यंत गेलं होतं. गिरणीवाला गुडघाभर पाण्यात उभा राहून गव्हाच्या गोणी वर चढवत होता, आणि त्या खालून फुटून त्याच्या हातात येत होत्या. मी खाली जाऊन आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये चाळीतल्या म्हाताऱ्या माणसांना बसायला जागा करून दिली, चहा केला. सगळ्यांनी माझे आभार मानले.

पाणी ओसरलं आणि चाळीत भांडण सुरू झालं. कोणाचा फ्रिज गेला होता, कोणाच्या मुलीच्या लग्नाच्या साड्या. एवढं पाणी याआधी कधी आलं नव्हतं, मग आताच का? कोणीतरी लादीकडे बोट दाखवलं. ती डोळ्यांसमोर होती. गटारावर बसवलेली, भली मोठी. "ह्यानंच वाट लावली," एकजण ओरडला. "स्वतःच्या धंद्यासाठी गटार झाकलं!" गिरणीवाला म्हणत होता, मोरी बुजवली म्हणून झालं. "मोरी गेली खड्ड्यात," दुसरा म्हणाला, "आम्हाला नवीन पाइप मिळालाय मोरीला. तू लादी उचल आधी."

मला काही ते पटेना. मी नेहमीच्या सवयीनं नीळ घेतली. खरं सांगतो, तेव्हा मनात काही काळंबेरं नव्हतं. पाणी का थांबलं, हे मला कळून घ्यायचं होतं. चाळीत कोणी दिसत नव्हतं, सगळे सामान सुकवायला रस्त्याकडे गेले होते. मी लादीच्या वरच्या अंगाला गटारात बादली ओतली. निळं पाणी लादीखालून सरळ, न थांबता निघून गेलं. म्हणजे लादीनं काही अडवलेलं नव्हतं. मग दुसरी बादली भिंतीपाशी, बुजवलेल्या कमानीसमोर असलेल्या चाळीच्या मोठ्या चेंबरमध्ये ओतली. तिथे पाणी नुसतं फिरत राहिलं. मी आमच्या बाजूला आलो, तिथल्या कोपऱ्यातलं झाकण उचललं आणि वाकून बसलो. खूप वेळ काही नाही. मग बुजवलेल्या विटांच्या कडेनं एक बारीक निळी रेघ पाझरायला लागली.

मी वाकलेला तसाच राहिलो. डोंगराचं पाणी, गिरणीवाला म्हणाला होता. भिंतीकडची मोरी. मला ती गावची मोरी आठवली, तिच्यातून बाहेर येणाऱ्या पानांच्या होड्या आठवल्या, आणि तो त्या दिवशी काय सांगत होता ते मला तेव्हा कळलं.

त्याच दिवशी वर जाऊन चेअरमनांना सांगायला हवं होतं. मी जिना चढलो, पण त्यांच्या दारासमोरून आपल्या मजल्यावर गेलो. मला वाटलं, एक दिवस विचार करू.

दुसऱ्या दिवशी वॉर्डातून साहेब आले. तरुण मुलगा, गमबूट घातलेला, बोलण्यावरून मराठवाड्याकडचा वाटला. त्याला अजून बरीच ठिकाणं बघायची होती. चाळीतले सगळे जमले, आमचे कमिटीवाले जमले. त्यानं लादी बघितली आणि कपाळावर हात मारला. "हे कोणी टाकलं?"

गिरणीवाला पुढे झाला. मालवणी आवरून, शक्य तितक्या सरळ मराठीत म्हणाला, "मी टाकलंय साहेब. पण त्याच्याखालून पाणी जातंय. तिकडे भिंतीकडे मोरी होती, ती ह्या सोसायटीनं बुजवली. ह्यांनाच विचारा." आणि त्यानं माझ्याकडे हात केला.

साहेब माझ्याकडे वळला. "मोरी म्हणजे? न्हाणीचं पाणी का?"

चेअरमन माझ्या शेजारी उभे होते. पावसाच्या पाण्याची वाट बुजवली हे निघालं असतं तर सोसायटीला नोटीस आली असती, भिंत फोडावी लागली असती, आणि गल्लीभर नीळ ओतत फिरणाऱ्या मला स्वतःच्या भिंतीतली एक कमान कळली नाही हे सगळ्यांना कळलं असतं. एवढं सगळं मी तेव्हा रांगेनं मनात आणलं असं नाही. मला फक्त साहेबाचा प्रश्न ऐकू आला, आणि तो किती सोयीचा आहे हे कळलं.

"हो, न्हाणीचं," मी म्हणालो. "चाळीतल्या मोऱ्यांचं पाणी आमच्याकडे यायचं. ते बंद केलं. त्यांना वॉर्डानं पाइप दिलाय."

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. पहिल्या वेळी त्या शब्दानं मला फसवलं होतं. दुसऱ्या वेळी मी त्या शब्दानं साहेबाला फसवलं, आणि गिरणीवाला बघत होता. तो काहीतरी बोलायला गेला, पण चाळीतल्या लोकांनी त्याला बोलू दिलं नाही. "आता सोसायटीवर ढकलतोस होय रे? त्यांनी आमच्या म्हाताऱ्यांना चहा पाजला!"

लादी त्याच आठवड्यात फोडली. तिचे तुकडे गिरणीच्या दारात बरेच दिवस पडून होते.

पुढचं मला वाटलं होतं त्याहून वाईट झालं. मला मन स्वस्थ बसू देईना, म्हणून पुढच्या उन्हाळ्यात, ब्लॉक खचलेत असं कमिटीला सांगून मी तो कोपरा उकरून घेतला. वेगळा मिस्त्री आणला. भिंतीच्या खालून, चाळीच्या चेंबरच्या बुडापर्यंत मोठा पाइप टाकून घेतला. वरून काहीच दिसत नव्हतं. चाळीच्या बाजूनं कमानीचं तोंड तसंच सिमेंटनं बंद. मला वाटलं, झालं, फेडलं.

पावसात पाणी आलं आणि सरसर निघून गेलं. चाळ कोरडी राहिली. गेटपाशी लोक म्हणाले, "बघा, लादी फोडली आणि गल्ली सुटली!" ज्यांना थोडी शंका होती त्यांचीही गेली. आता तर पुरावाच मिळाला होता, आणि तो मीच जमिनीखालून पुरवला होता. गिरणीवाला दारात छत्री धरून उभा होता. पाणी जात असलेलं बघत होता, मग बुजलेल्या कमानीकडे बघत होता, पुन्हा पाण्याकडे. त्याला काही उलगडत नव्हतं. मी खिडकीतून बघितलं आणि पडदा ओढला.

त्याच्या गिरणीवर बायका येईनाशा झाल्या. काहींना उघडं गटार ओलांडायला भीती वाटायची, काही चाळीतल्याच होत्या आणि त्याच्याशी बोलतच नव्हत्या. आम्हीही दळण सोडून तयार पीठ आणायला लागलो. मी जायचं टाळत होतो, बायकोला म्हणालो, आता कोण गिरणीत जाऊन उभं राहतंय. वर्षभरात त्यानं गिरणी विकली आणि मुलुंडला मुलीकडे गेला. जाताना मला भेटला नाही. मीही गेलो नाही.

त्यानंतर करोनाची वर्षं गेली. चेअरमन गेले, माझी बायको गेली. मी सेक्रेटरीपद कधीच सोडलं होतं. मग एकदा चाळीतल्या कोणीतरी सांगितलं, गिरणीवाल्याला बरं नाही, पायावर सूज आहे. मी पत्ता घेतला आणि बसनं मुलुंडला गेलो. बसमध्ये मी काय बोलायचं ते ओठांतल्या ओठांत घोळवत होतो. शेजारी बसलेल्या मुलीनं मला विचारलं, "आजोबा, काही हवंय का?"

तो हडकला होता, पण मला बघून हसला. "काय रे सेक्रेटरी, मुलुंडची गटारां बघूक इलंस?" मुलीनं चहा केला. म्हणाली, "काका, तुमच्यासारखीच ह्यांनाही सवय आहे. पाऊस लागला की गेटवर जाऊन उभे राहतात. वॉचमनला सांगतात, गटारावर कोणाला काही ठेवू देऊ नकोस. आमच्या इथे एकानं कुंड्या ठेवल्या होत्या, त्याच्याशी भांडले."

"भांडूक नको तर काय?" तो म्हणाला. मुलगी कप आत घेऊन गेली. तेवढ्यात बोलून टाकावं म्हणून मी पुढे सरकलो, आणि तोच बोलायला लागला.

"माका खराच ठावक नव्हता रे. बायकांका डबे ठेवूक बरा पडात म्हणान लादी टाकलंय. मी म्हणत होतंय, मोरी बुजवली म्हणान पाणी चढला. पण मोरी तशीच बुजलेली आणि लादी गेल्यार पाणी गेला. मी माझ्या डोळ्यांनी बघलंय. लोकांची घरां मी बुडवलंय. आणि वर त्या सायबासमोर तुझा नाव घेतलंय. तुझ्यार आळ घेतलंय. ता माका आजून टोचता. माफ कर हां."

त्याचा हात माझ्या गुडघ्यावर होता. मुलगी दारात येऊन उभी राहिली होती.

"जाऊ दे रे," मी म्हणालो. "जुनी गोष्ट."

"बघा बाबा," मुलगी म्हणाली, "उगाच मनात ठेवून बसला होतात. काकांनी केव्हाच माफ केलंय तुम्हाला."

तो लिफ्टपर्यंत सोडायला आला, भिंतीला धरत. लिफ्ट वर यायला वेळ लागत होता. मी म्हणालो, "अरे, ऐक." तो म्हणाला, "काय?" मी म्हणालो, "पायाक शेक घे." मग लिफ्ट आली.

त्यानंतर काही महिन्यांनी मुलीचा फोन आला. शेवटी त्रास झाला नाही, म्हणाली. तिला मी पुन्हा भेटलो नाही, आणि तिच्या वडिलांविषयी ती अजून तेच मानत असणार. हे तिच्या हाती पडलं तर वाचावं.

बसमध्ये मी जे घोळवत होतो ते फार मोठं नव्हतं. मालवणीतच होतं, कारण सरळ मराठीत मी त्याच्याशी एकदा बोललो होतो ते पुरे झालं होतं. मोरी मी बुजवलंय. तू सांगत होतंस ता माका कळला नाय, आणि कळला तेव्हा मी सायबाक ता सांगूक नाय. तुझ्या लादीन कोणाचा घर बुडला नाय. नंतर पाइप मीच घातलंय, चोरून. चूक माझी आसा, तुझी नाय. माका माफ कर.